आधी विधवा

भवानीपूर, कलकत्ता
२ सप्टेंबर १९५३

ती. वृंदा वन्सं यांस शकुनचा नमस्कार.

पत्र आणि मसाल्याचा डबा पोचला. आई डबा उघडून नुसता वास घेत बसल्या होत्या. त्यांचे गुडघे धरलेत, बाकी खाणंपिणं ठीक.

वकिलांकडे गेलीस का, असं विचारलंत. गेले. सेहेचाळीसच्या दंग्यात हे बजबज गावातल्या तेलाच्या डेपोतून घरी यायला निघाले ते आलेच नाहीत, त्याला सात वर्षं झाली. आता कोर्ट त्यांना मृत धरू शकतं म्हणे. वकील सारखे ‘विडो, विडो’ करत होते, आणि माझ्याकडे बघून! मला मेलीला वाटलं, मागे दुसरीच कुणी बसलीय.

खालच्या मजल्यावरचे चारुदत्त आगाशे कॉलेजात भाषाशास्त्र शिकवतात. त्यांना म्हटलं, कसला हो हा परका शब्द? तर म्हणाले, “परका कुठला! विडो आणि आपली विधवा एकाच मुळातल्या. तुटलेली, रिकामी झालेली.”

मी म्हटलं, धव म्हणजे नवरा, तो नसलेली ती विधवा, एवढं आम्हालाही शिकवलंय.

“उलट आहे. विधवा फार जुनी. धव हा शब्द मागाहून तिच्यातूनच काढला.”

काय बाई तरी! आधी विधवा, मग नवरा. पोळ्या लाटताना दिवसभर तेच डोक्यात.

आगाश्यांनी मला लग्नाचं विचारलंय. घ्या, लिहून टाकलं. मला हवंय हे लग्न, वन्सं. पण त्याआधी विधवा व्हायला हवं, आणि इकडे संध्याकाळी जिन्यात पाऊल वाजलं की आई म्हणतात, “दिगू आला, दार उघड.” दारात आगाशे असतात, वर्तमानपत्र घेऊन.

गुरुवारी पाऊल वाजलं. दाराशी थांबलं. आई म्हणाल्या, “उघड गं.” मी कडीवर हात ठेवला, पण ती काढवेना. थोड्या वेळानं पाऊल खाली गेलं. शुक्रवारी कळलं, आगाशे गुरुवारी बराकपूरला बहिणीकडे मुक्कामाला होते.

कुणी का असेना. पण कडीवर हात असताना मी देवाला विनवत होते, हे नसू देत. सात वर्षं वडाला दोरे गुंडाळले ते यांच्यासाठीच ना? माझी मलाच भीती वाटते.

आई अजून विचारतात, कोण होतं? तुम्ही त्यांची लेक, ह्यांची थोरली बहीण. तुम्ही एकदा लिहा, ‘दिगू गेला.’ मग मी दार उघडीन.

नावाआधी काय लिहावं कळत नाही, म्हणून नुसतीच,
शकुन