तुलनेच्या गटातला दादा

४ मार्च

‘तपासलं की सापडतं.’ बाबा एकदा म्हणाले होते, मी एकोणीस वर्षांची असताना. तपासलं नाहीच. आतड्याच्या कॅन्सरने सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले.

मी दरवर्षी तपासते. उद्या आतड्याची दुर्बीण-तपासणी. दुपारपासून पोट साफ करायचं ते खारट औषध पितेय — चार लिटर! — आणि पलंग ते संडास येरझाऱ्या. बाबांचं सदोष जनुक माझ्यात आलंय, हे कळून सहा वर्षं झाली. दादा मात्र स्वतःची चाचणीच करत नाही. ‘अठ्ठेचाळीस पूर्ण केली. बाबांना मागे टाकलं. सुटलो!’ लिफ्ट दुरुस्त करतो हा माणूस. दर महिन्याला लोकांच्या लिफ्टचे दोर तपासतो!

५ मार्च

एक लहानशी गाठ. काढली. थकले.

९ मार्च

संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना भेटले, रक्त दिलं. म्हणाल्या, आमच्यासारख्यांच्या पेशी बिघडल्या की त्यांच्यावर वेगळ्याच खुणा उमटतात. काहींच्या रक्तातले पहारेकरी त्या खुणा आधीच ओळखतात आणि अशा पेशी मारून टाकतात. कदाचित म्हणूनच कोणी तिशीत आजारी पडतं, कोणी सत्तरीतही ठणठणीत. तेच त्यांना शोधायचंय.

‘मग माझे पहारेकरी कसे आहेत?’

‘ते नाही हो सांगता येत. निकाल गटाचा असतो, एकेकाचा नाही.’

रक्त माझं, गुपित त्यांचं! संताप आला. वर म्हणतात, तुलनेसाठी घरातलंच, पण हे जनुक नसलेलं कोणी मिळेल का? चाचणी आम्हीच करू.

१४ मार्च

दादाच्या मागे लागून लागून जीभ झिजली. शेवटी आला. ‘पण काय निघालं ते मला सांगायचं नाही. मास्तरीणबाई, तुलाही नाही.’ शब्द दिला. अर्जात ‘निकाल कळवू नये’ या चौकटीत इतक्या जोरात फुली मारली की कागद फाटला. वहिनी म्हणाली, ‘यांना कॅन्सरची नाही, सुईची भीती.’

रक्त देऊन झाल्यावर दादा म्हणाला, ‘झालं समाधान?’

झालं होतं. लहान मुलीसारखं झालं होतं.

२ जून

शाळेत मधल्या सुट्टीत फोन. संशोधनाच्या ऑफिसमधली मुलगी. ‘मॅडम, तुलनेच्या गटासाठी आणखी कोणी आहे का? आत्या, काका?’

म्हटलं, दादाने दिलंय की रक्त.

‘हो, पण त्यांचा नमुना आता दुसऱ्या गटात—’

मग ‘सॉरी, सॉरी मॅडम.’

गट दोनच आहेत. दुसरा माझा, जनुक असलेल्यांचा.

पाचवीच्या वर्गात जाऊन अपूर्णांक शिकवले. काय शिकवले, देव जाणे.

३ जून

डॉक्टरीणबाईंना फोन केला. ‘चूक आमची. पण त्यांनी लेखी नकार दिलाय, आम्ही त्यांना सांगू शकत नाही.’

‘आणि मी?’

कुणावर चिडू? त्या पोरीवर? दादावर? त्याला ओढत नेलं मीच. सांगितलं तर त्याला दिलेला शब्द मोडते, नाही सांगितलं तर—

संध्याकाळी त्याचाच फोन. लिफ्टमध्ये अडकलेल्या एका बाईने त्याला आतूनच लग्नाचं आमंत्रण दिलं म्हणे. पोट धरून हसत होता. मीही हसले.

५ जून

दादाला निरोप पाठवला: ‘सोमवारी सुट्टी घे. दुर्बीण करून घे. मी सोबत येते, ते खारट औषधही तुझ्याबरोबर पिते. कारण विचारू नकोस. एकदा, माझ्यासाठी.’

नाहीच म्हणेल.