बंडातला आचारी

२७ जानेवारी
काल झेंडावंदनानंतर खाली सामोसे खाताना तोंडातून निघून गेलं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी १९४६च्या नाविकांच्या बंडाचं काहीतरी पाठवलेलं, त्यावर गप्पा चाललेल्या. मी म्हटलं, "माझे वडील, आपा, होते त्यात." मग टाळ्या! आज सेक्रेटरी देसाई आणि कमिटीतले दोघे घरी हजर. अठरा फेब्रुवारीला कार्यक्रम, आपांच्या फोटोला हार, मी दोन शब्द बोलायचे. चहा दोनदा झाला. आमचे हे गेल्यापासून या घरात एवढा आवाज झाला नव्हता. कॅनडात लेकीला, मीराला फोन लावला, सांगावं म्हणून. तिकडे रात्र. उचलला नाही.

१ फेब्रु.
लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरची पोरगी. "आजी, तुमचे बाबा हीरो होते ना?" एरवी मोबाइलमधून मान वर काढत नाही ती! भाजीची पिशवी दारापर्यंत आणून दिली. आवडतंय मला. खोटं कशाला बोलू, फार आवडतंय.
पण आपा तिथे नेमकं काय करत, हे अजून कुणी विचारलं नाही. आणि मीही...

४ फेब्रु.
लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. आपा आचारी होते. बंड पेटलं ते जेवणावरून. डाळीत खडे, तांदळात किडे. ती डाळ शिजवली कुणी? आपांनी. गोदामातून यायचंच तसलं, ते तरी काय करणार. पण नाविक पोरांनी ज्याला हात लावला नाही ते खाणं आपांच्या हातचं. एकाने थाळी फेकून मारलेली. पुढे आपा कधी म्हणत, मीही चूल विझवून त्यांच्यात जाऊन बसलो. कधी म्हणत, "माका कोणी बसाक देऊक नाय." खरं कुठलं, देव जाणे. बंड मोडल्यावर इंग्रजांनी मात्र त्यांनाही बंडखोर म्हणून घरी धाडलं. मालवणात गेले तर गाव म्हणालं, सरकारी भाकरी लाथाडून इलो करंटो. मग मुंबई, गिरणीचं कॅन्टीन, आणि तिथेच जन्म गेला.
घरी पाकिटातली डाळसुद्धा पेपरवर पसरून निवडत. आई चिडायची, "निवडलेलीच आसा ती!" ऐकायचे नाहीत. पंगतीलाही कधी बसले नाहीत. सगळ्यांचं झालं की मग, स्वयंपाकघरात, एकटे.

७ फेब्रु.
शोभाला सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरची शोभा कांबळे, जन्मभर नर्स, बोलणं इंजेक्शनसारखं.
"मग सांग ना तसं. आचारी होता तर काय झालं? केली असेल चूल बंद."
"आणि नसेल केली तर?"
"तर नाही केली. तू काय तिथे होतीस?"
रागातच वर आले. हिला बोलायला काय जातंय! घरात दोन सुना, नातवंडांचा धिंगाणा. माझ्याकडे कुकरची शिट्टी झाली तर तेवढाच आवाज. खरं सांगितलं की संपलं, कोण येणार मग चहाला?

१० फेब्रु.
फ्लेक्सवाल्याने डिझाइन पाठवलं. वाट लागली! आपांचा एप्रनमधला फोटो दिलेला, तो एकच आहे. याने कॉम्प्युटरवर एप्रन काढून पांढरा गणवेश चढवलाय. छातीवर पदकं, खांद्यावर बंदूक. खाली "बंडाचे शूर सेनानी". आपांनी सुरी धरली ती कांद्यावर. आधी हसू आलं, मग रडू.
देसाईंचा फोन. "काही बदलायचंय का काकू?"
"नको, छान झालंय," म्हणाले. मीच म्हणाले.

१३ फेब्रु.
प्रमुख पाहुणे ठरले, गोराईचे डिमेलो. त्यांचे वडीलही बंडात होते, आपा होते त्याच छावणीत. दुपारी त्यांचा फोन. "तुमचे फादर कुठल्या कामाला होते?" खोटं सुचलंच नाही. आचारी, म्हटलं.
मग म्हणाले, "माझा बाप मरेपर्यंत त्या कुकला शिव्या द्यायचा. साहेबाला पण तेवढ्या दिल्या नाय. बोलायचा, साहेब कधी दिसलाच नाय, हा रोज डाव घेऊन समोर उभा."
आचारी काही एकटे आपा नव्हते तिथे. पण तसं म्हणवलं नाही मला. "तोच माझा बाप," म्हटलं.
"येतो अठराला." फोन ठेवला. रागावून की कसं, कळलं नाही.

१६ फेब्रु.
देसाईंना म्हटलं, नावाखाली आचारी लिहा. ते हसले. "अहो काकू, जेवणावरून तर बंड झालं! आचारी लिहिलं तर लोक काय समजतील? राहू दे ना. आता कोण येतंय विचारायला?"
डिमेलो येतायत, असं जिभेवर आलेलं. गिळलं. शोभा सात तारखेपासून फिरकली नाही. मीही गेले नाही.

१८ फेब्रु., दुपार
बॅनर लागला गेटवर. वॉचमनने सॅल्यूट ठोकला मला. मेला! खाली खुर्च्या मांडतायत, माइकवर हॅलो हॅलो चाललंय. डिमेलोंचा फोन आलेला, बोट पकडली म्हणून. मंचावर काय बोलणार, विचारायचा धीर झाला नाही. शोभा स्वतःहून आली, साडीच्या निऱ्या नीट केल्या. जाताना गालावरून हात फिरवला तेवढा.
दोन भाषणं लिहिलीत. एकात शूर सेनानी, एकात आचारी. दोन्ही पर्समध्ये आहेत.
शोभाला वाटतं आपांच्या अब्रूचा प्रश्न आहे. आपांना काय आता, ते सुटले. डिमेलो बोलतील ते बोलतील आणि रात्री आपल्या गोराईला जातील. मला उद्या सकाळी दुधाला खाली उतरायचंय, आणि मरेपर्यंत याच बिल्डिंगीत राहायचंय.