तुमची डोलणारी मान

अप्पा, ऑपरेशन होऊन चार महिने झाले आणि माझी मान हलायची थांबली आहे. ती हलत होती हेच मला ठाऊक नव्हतं. तंजावूरच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, मी काही विचारायच्या आधीच हो हो काय म्हणताय?" मी तर गप्प बसले होते. मग त्यांनी समजावलं. हृदयाची झडप नीट मिटत नाही, बाहेर ढकललेलं रक्त बरंचसं मागे येतं, म्हणून पुढचा ठोका इतका जोरात बसतो की मान डोलते. घरात आणखी कुणाची डोलायची का, असं त्यांनी विचारलं आणि मला तुम्ही दिसलात.

ओरत्तनाडूच्या शाळेतून सायकलवर येऊन तुम्ही घरापुढच्या तिण्णैच्या ओट्यावर बसला आहात, हातात कॉफी, मान हळूहळू डोलते आहे. आई म्हणते, "तुझे अप्पा कोणालाच नक्को म्हणत नाहीत." मी चेन्नईच्या नोकरीचा कागद घेऊन समोर उभी. आपल्या घरातली एकही मुलगी तोवर एकटी बाहेर राहिली नव्हती. "अप्पा, मी जाऊं का?" तुम्ही बोलला नाहीत. मान डोलत होती. तेवढ्यावर मी ट्रंक भरली, आणि मी पोंगलला परत यायच्या आत तुम्ही गेलात. सगळं आयुष्य त्या होकारावर काढलं, आणि ती नुसती गळकी झडप होती? मी तिथेच रडले. डॉक्टरांना वाटलं, ऑपरेशनला घाबरले.

नवी झडप धातूची आहे, तिची टिकटिक मला ऐकू येते. पण नवल त्याचं नाही. इतकी वर्षं जास्तीचं रक्त ओढून फुगलेलं हृदय आता आपणहून लहान होत चाललं आहे. डॉक्टरांनी आधीचं आणि आताचं चित्र शेजारी शेजारी दाखवलं. उसळणारी नाडीही शहाण्यासारखी चालते. मी हात जोडले, कुणाला ते मलाच कळलं नाही. असलं हृदय घेऊन तुम्ही रोज सायकल मारत होता, अप्पा.

गेल्या आठवड्यात मुलीनं परदेशातल्या नोकरीचं विचारलं. "जाऊं का?" माझी मान जागची हलली नाही. पोर वाट बघत राहिली. शेवटी मला तोंडानं "जा" म्हणावं लागलं.

तुम्ही शिकवलेली ही मराठी अक्षरं घरात आता दुसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत, म्हणून कागद त्याच ट्रंकेत ठेवते. एक मात्र सांगते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आरशासमोर उभी राहून मी मान आडवी हलवून पाहिली होती. हलते, अप्पा. मनात असतं तर तुम्हाला नाही म्हणता आलं असतं.