इरल्याची ओळ

मुंबई. रविवार, कार्तिक वद्य

आज फार वाईट केलं मी. पोलादपूरच्या गाववाल्यांच्या या खोलीत चौथीपर्यंत शिकलेला मी एकटाच, म्हणून आमच्या गावच्या दत्तूवरच्या खुनाच्या खटल्याची बातमी मीच सगळ्यांना वाचून दाखवतो. दत्तूचा थोरला भाऊ धोंडू माझ्या शेजारीच पथारी टाकतो. उद्या तो अलिबागेच्या तुरुंगात भावाच्या भेटीला निघणार होता.

"साक्षीदारानं डोळ्यांनी बघितलंय, आणखी काय पायजे?" सखाराममामा म्हणाले.

"तोंड बघितलान काय पण?" धोंडू म्हणाला. "वाच रे पुढं."

पुढे छापलं होतं, माणूस पाठमोरा होता आणि अंगावर डोक्यापासून पाठ झाकणारं पावसाचं इरलं होतं. मी ती ओळ गाळली. आठवडाभर मीच छाती ठोकून दत्तूला खुनी ठरवत होतो. सगळ्यांदेखत तोंडघशी पडायची लाज वाटली. एवढ्यासाठी?

भातलावणीत इरल्याखाली पाठमोरी माणसं सगळी सारखीच. आई समजून मी काकीच्या मागे अर्धं शेत तुडवत गेलो होतो. दत्तूने केलं की नाही, मला ठाऊक नाही. पण इरल्यावरून फाशी?

"खरं सांग, दत्त्यानंच केलं काय रे?" धोंडूने हळूच विचारलं.

"पेपरात तसंच हाय," मी म्हणालो.

"मग मी नाय जात उद्या."

तरी पेपर मागून घेतलान. "त्याचं नाव छापलंय ना यात? ऱ्हाऊ दे माझ्यापाशी." घडी करून उशाखाली ठेवलान आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

इरल्याची ओळ त्याच घडीत आहे. धोंडूला अक्षर येत नाही. अलिबागेची बोट सकाळी सुटते, आणि मी इथे लिहीत बसलोय.