तीन टिंबांवर लावलेली फटफटी

घरून, ता. पारोळा
चैत्र अमावास्या (अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, तीन दिवस उरले)

ती. सौ. अक्काच्या पायांवर धाकट्या इंदूचं डोकं.

चालू फटफटी थांबायचं नावच घेत नसेल, तर तिच्यावर बसलेल्या माणसानं उतरावं कसं? अक्का, मी बी. ए. झाले, आपल्या घरात पहिली झाले, गावभर पेढे वाटून झाले, पण या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. तुला येत असेल असा संशय आहे. पण त्या फटफटीची तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती का आहे, हे आपण पत्रात लिहीत नसतो.

आधी रीतीप्रमाणे विचारते. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? सासूबाईंना, म्हणजे द्रौपदाबाईंना, माझा दंडवत (पण तो त्यांच्यापर्यंत पोचवू नकोस, कारण मग पत्र आल्याचं कळेल). आम्ही सगळे खुशाल आहोत. नानांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. त्या डोळ्यावर हिरवं फडकं लावून ते ओसरीवर बसतात आणि जे जे दिसत नाही त्या सगळ्यावर देखरेख ठेवतात. माय बरी आहे असं माय म्हणते. यंदाही तिनं आखाजीला येणाऱ्या लेकीसाठी निंबाला झोका बांधून घेतला. त्यावर कोणी बसत नाही. विहिरीवर जाता-येता ती त्याला हातानं एक हेलकावा देते आणि पुढे जाते. मी पाहिलं की म्हणते, दोर तपासते.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुझ्याकडे आलेलं प्रत्येक कार्ड तुझ्या सासूबाई आधी शेजारच्या मास्तरांकडून ओट्यावर मोठ्यानं वाचून घेतात, हे तूच मागे कळवलंस (आणि तेही मास्तरांनी वाचलंच असेल). म्हणून हे माझ्याबरोबरच येईल.

तर मुद्दा आखाजीचा. तुला सगळं ठाऊक आहे, पण ओळीनं मांडल्याशिवाय मला धीर येत नाही. लेकीला माहेरी आणायला मुराळी जावा लागतो आणि मुराळी म्हणजे भाऊ. आपल्याला भाऊ नाही. नानांनी जावं तर ते लेकीच्या सासरचं पाणीसुद्धा पीत नाहीत, आणि या उन्हात पाण्यावाचून पिंपळनेरच्या बाजूला जाऊन परत येईल असा बाप अजून जन्मला नाही. म्हणून काकांचा छगनदादा जायचा. दोन वर्षांपूर्वी तो एस. टी.नं आला, फाट्यापासून पायी चालला आणि धुळीनं माखून तुमच्या दारात उभा राहिला. तेव्हा तुझ्या सासूबाई भर अंगणात म्हणाल्या, "गाडी लई ये, मंग ली जाय." गाडी घेऊन ये, मग घेऊन जा, हे ऐकून छगनदादा तसाच मागे फिरला. आता तुझ्या गावाचं नाव काढलं तरी तो जेवता जेवता ताटावरून उठतो. अशा दोन आखाज्या गेल्या आणि ही तिसरी. झुंबरआत्या येता-जाता मायला ऐकू जाईल असं म्हणते, "तीन आखाज्या लेक उनी नही, का माहेरनी वाट गवतखाले जास." मी आत्याला स्पष्ट सांगितलं की तीन आखाज्या लेक आली नाही तर माहेरची वाट बुजते, या समजुतीला काहीही आधार नाही. पण सांगताना माझा आवाज बारीक झाला, आणि माय चुलीपुढून उठून उगाच झोक्याचा दोर तपासायला गेली.

गाडी तर घरात होती. नानांची काळी फटफटी डोळ्याच्या दुखण्यापासून गोठ्यात गोणपाटाखाली उभी होती. गाडी आहे आणि मुराळी नाही, एवढाच पेच. मग मी ओसरीवर उभी राहिले आणि सर्वांसमोर दहाएक मिनिटं बोलले. मुलगी शिकू शकते, मत देऊ शकते, मग ती मुराळी का होऊ शकत नाही, असा एकूण आशय होता. (कॉलेजात वक्तृत्वात माझा दुसरा नंबर आला होता. स्पर्धक तीन होते, पण ते असो.) माय पदर तोंडाला लावून ऐकत होती. आत्या म्हणाली, "बोलस तं झकास." नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चालाडता येस का तुले?"

भाषणात हा मुद्दा राहून गेला होता.

याला आता महिना झाला. खळं रिकामं होतं, तिथे नानांनी खाट टाकून घेतली आणि आवाजावरून शिकवायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी कळलं की माझी बोटं आखूड आहेत. क्लचचा लिव्हर मुठीपासून इतका लांब की माझी नखं फक्त त्याला शिवत. ब्रेकचंही तेच. नानांचा पंजा म्हणजे सुपासारखा, त्यांच्या मापानं ते सगळं वर्षानुवर्षं बसलेलं. मी पारोळ्याला भाईदास मिस्तरीकडे गेले. तो म्हणाला, "ताई, तापाडीसन वाकाडी देस, दहा मिनिटनं काम शे." तापवून वाकवायला मी नाही म्हटलं. मला असे लिव्हर हवे होते जे ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे जवळ-लांब करता येतील. भाईदासनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बैलाला चष्मा लावून मागितला होता. पण माणूस कसबी. धुळ्याच्या भंगारात त्याला कुठल्याशा परदेशी गाडीचा मोडका लिव्हर सापडला, त्यात तसंच एक बारीक चाक होतं. ते पाहून त्यानं लेथवर आपल्या गाडीसाठी दोन चाकं पाडली, एक क्लचला, एक ब्रेकला. प्रत्येकाला चार खाचा आणि खाचांशेजारी ठोकून एक ते चार टिंबं. एक टिंब म्हणजे लिव्हर अगदी जवळ, चार म्हणजे पार लांब. त्यानं विचारलं, "एक तुना करता, चार नानासना करता. मंग तीनवर इतला काय जीव शे? तीनदा तपासाले लावं तू माले." मी म्हटलं, प्रगतीला वाव ठेवावा. माझ्याबरोबर आलेल्या नानांनी हिरवं फडकं सारखं केलं आणि म्हणाले, "तीन बराबर शे."

आता त्या सकाळबद्दल. मी दोन्ही चाकं एका टिंबावर आणली, बोटं लिव्हरला पुरली, आणि आनंदाच्या भरात पहिला गिअर टाकून खळ्यावर निघाले. अर्धा फेरा झाल्यावर थांबावं म्हणून क्लच दाबला. लिव्हर मुठीला टेकला, पण गाडी चालतच राहिली. ब्रेक दाबला. तोही मुठीला टेकला, आणि गाडी चालतच राहिली. रेस सोडलेली होती, म्हणजे वेग फार नव्हता. खरं सांगायचं तर आपली तांबडी कोंबडी माझ्यापुढे चालत होती आणि अंतर वाढवत होती. पण अक्का, भीतीला वेगाशी काही देणंघेणं नसतं. एक हात सुटला तर आपण मरू अशी माझी खात्री होती. पायाचा ब्रेक असतो हे मी परीक्षेला पाठ केलं होतं आणि त्या क्षणी पाय कुठे आहेत हेच मला आठवत नव्हतं. मी खळ्याला अकरा फेरे घातले. तिसऱ्या फेऱ्याला आत्या म्हणाली, "झकास फिरावस!" सहाव्याला बाया गोळा झाल्या. आठव्याला मी मायला हाक मारली, तर तिनं कौतुकानं हात हलवला. शेवटी नाना खाटेवरून उठले, एका डोळ्यानं अंदाज घेत माझ्याशेजारून चार पावलं चालले, हात पुढे करून चावी फिरवली आणि परत खाटेवर जाऊन बसले. मी तशीच बसून राहिले. मुठी सोडवायला मायला यावं लागलं.

चूक माझी होती आणि ती साधी होती. लिव्हर जवळ आणला की त्याला दाबायला जागा कमी उरते, म्हणून केबलही तिचा नट फिरवून तेवढी ताणून घ्यावी लागते. भाईदास म्हणाला, "चाक फिरावं का नट फिरावना पडस, इतलंच." त्याच्या मते ते इतकं उघड होतं की सांगायची गरज नव्हती. मी वहीत तक्ता केला: एक टिंब, दोन्ही नट पाच फेरे बाहेर, तीन टिंबं, तिथून तीन फेरे आत. त्यानंतर गाडी थांबू लागली. लायसनही मिळालं (आठ आकडा काढताना मी डोळे मिटले होते, साहेबांनीही मिटले असावेत).

एक गोष्ट मात्र जमली नाही, ती मागाहून सांगेन.

उद्या पहाटे निघते. मला ट्रकची भीती वाटते, उताराची वाटते, चढाची वाटते, धुळ्याच्या चौकाची वाटते, आणि या सगळ्यांची बेरीज केली तरी तुझ्या सासूबाईंच्या ओट्याची जास्त वाटते. मायनं सांजोऱ्यांचा रवा भाजायला घेतलाय. किती जणांसाठी, असं मी विचारलं नाही.

तुझी धाकटी,
इंदू (बी. ए.)

ता. क. धुळे. जिवंत आहे. पहिल्या पाच किलोमीटरमध्येच मला एकोणीस सायकली आणि एक बैलगाडी मागे टाकून गेली. (बैलगाडी उतारावर होती.) चौकात गाडी बंद करून ढकलत नेली.

ता. क. दुसरा. साक्री. चहा घेतला. आता ती जमली नाही ती गोष्ट. मागे माणूस बसवून मला गाडी चालवता येत नाही. भाईदास मिस्तरी परवा तपासायला मागे बसला आणि पन्नास पावलांवर चालत्या गाडीवरून उतरून गेला. म्हणाला, "माले पोरं-बाळं शेतस." म्हणजे मी येऊ शकते, पण तुला घेऊन जाऊ शकत नाही. हे घरी फक्त नानांना माहीत आहे. ते म्हणाले, "मंग ती चालाडी. तिले काय नवं शे?" अक्का, लग्नाआधी तू तुझ्या लांब बोटांनी मळ्याच्या वाटेवर फटफटी फिरवायचीस आणि मी बांधावर मायची पाळत ठेवायचे, तेव्हा नाना झोपलेले नसायचे. डोळे मिटून आवाज ऐकत असायचे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तुझ्या गावाबाहेर, चिंचेखाली. साडेदहापासून इथे बसले आहे, आता एक वाजला. हे पत्र कासारीण वच्छलाबाईंच्या हाती देते, त्या आखाजीच्या बांगड्या भरायला तुमच्याच आळीत निघाल्यात. मी मुराळी आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मंग मुराळी चिंचखाले का बरं बसेल शे?" बांगड्या भरताना पत्र तुझ्या मुठीत सरकवतील.

विनंती एवढीच की पिशवी लहान घे आणि परत जाताना फटफटी तू चालव. सासूबाई "गाडी लई ये" म्हणाल्या होत्या. कोणी चालवायची ते म्हणाल्या नव्हत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहून हे नीट मुद्देसूद बोलेन, नाही जमलं तर नुसती उभी राहीन. दारापर्यंत गाडी ढकलत आणेन, म्हणजे त्यांना ती दिसेल.

खरं सांगू? मघापासून दोनदा मी किक मारून तोंड पारोळ्याकडे केलं होतं. दोनदा परत वळवलं. तिसऱ्यांदा किक मारली की मी निघून जाईन, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि मग मायपुढे जाऊन झोक्याखाली उभं राहावं लागेल. म्हणून पत्र संपवायच्या आधी डिक्कीतला पाना काढला, वहीचं पान उघडलं, दोन्ही चाकं तीन टिंबांवर फिरवली आणि नट तीन-तीन फेरे आत घेतले. दोनदा तपासलं. आता लिव्हर माझ्या बोटांना पुरत नाहीत.