सकाळी साडेनऊपासूनची नोकरी

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
ऑगस्ट १९९७

तीर्थस्वरूप भाऊसाहेबांच्या चरणी धाकट्या मुरलीधरचा साष्टांग नमस्कार. सौ. वहिनींनाही नमस्कार सांगावा. तुमच्या गुडघ्यांना नव्या तेलाने उतार पडला असेल अशी आशा करतो. पडला नसेल तर वैद्य बदला, तेल महाग आहे. इकडे आम्हा दोघांच्या प्रकृती ठणठणीत आहेत. (माझं पित्त सोडून. ते का खवळलंय, हे पुढे येईलच.)

तुमचं पत्र पोचलं. मी रिटायर झालो, सरकारी क्वार्टर सोडायची मुदत संपत आली, तर आता फलटणला येऊन तुमच्या वरच्या खोलीत राहणार की दिल्लीतच भाड्याचं घर बघणार, असं तुम्ही एका ओळीत विचारलंत. आमच्या मंत्रालयात पार्श्वभूमी मांडल्याशिवाय कुणी निर्णयाला हात लावत नसे, तेव्हा आधी ती मांडतो. दिल्लीतल्या खाजगी कंपन्या माझ्यासाठी दारात उभ्या आहेत, असं मी मागे कळवलं होतं. ते त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवर आधारित होतं. प्रत्यक्षात दारात फक्त रद्दीवाला आला. आमच्या सौ.ला, कुमुदला, तर दिल्ली सोडायचीच नाही. इथली भिशी, इथली भाजीवाली, इथलं महाराष्ट्र मंडळ, यांवाचून तिचं म्हणे पान हलत नाही. चार पैसे सुरू झाले तर भाड्याचं जमेल, म्हणून तिनेच पेपरातली जाहिरात कापून माझ्यासमोर ठेवली आणि मला रेडीहँड स्टाफिंग नावाच्या एजन्सीत नेऊन उभं केलं.

ही एजन्सी म्हणजे काय, ते तुम्हाला फलटणात बसून कळायचं नाही. हे लोक काही बनवत नाहीत, काही विकत नाहीत. माणसं भाड्याने देतात. इकडे वरातीला घोडी भाड्याने देणारे असतात, तोच धंदा. फरक इतकाच की घोडीला बायोडेटा लागत नाही. तळघरात एक खोली, प्लास्टिकची फुलं, आणि टेबलामागे स्वरूपा नावाची मुलगी. आपली मराठी हो! वडील रेल्वे बोर्डात. पण जन्म इथला, त्यामुळे मी ‘सेवानिवृत्त’ म्हटल्यावर ती दोन मिनिटं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मला कॉम्प्युटरवर टाइप करायला बसवलं. पाच कार्बन प्रती उमटतील इतक्या जोराने बटणं दाबायची माझ्या बोटांना सवय. तिसऱ्या ओळीला तिने यंत्र माझ्या हाताखालून काढून घेतलं आणि ‘अंकल, बिल्कुल टेन्शन घेऊ नका’ म्हणाली. टेन्शन कुणी घेतलं होतं? कुमुद शेजारी डबा आणि छत्री धरून बसली होती, ती गालातल्या गालात हसली. मला काही ते आवडलं नाही.

पहिली नेमणूक ओखल्याला, पलंगपोस परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत. पहिल्याच दिवशी माझ्याकडे कागद आला: माल बोटीने पाठवायचा की विमानाने? मी रीतसर फाइल उघडली. पानांना नंबर दिले, पूर्वीचा पत्रव्यवहार मागवला (तो नव्हता, तशी नोंद घेतली), बोटीचे फायदे-तोटे, विमानाचे फायदे-तोटे लिहिले आणि ‘आदेशार्थ सादर’ करून वरिष्ठांकडे पाठवली. वरिष्ठ म्हणजे जीन्स घातलेला एक पोरगा! तो फाइल उलटीसुलटी करून म्हणतो, ‘अंकलजी, बस हाँ या ना.’ अहो, बोट की विमान या प्रश्नाला हो किंवा नाही कसं म्हणणार? मी तसा शेरा मारून फाइल परत केली. आठवडाभर ती वरखाली फिरत होती. पलंगपोस जागचे हलले नाहीत हे खरं, पण फाइल अशी झाली होती की कुणालाही दाखवावी. शनिवारी त्यांनी मला एजन्सीकडे परत पाठवलं. कदर करायला माणूसही त्या तोडीचा लागतो.

त्यानंतर गुडगाव. गुडगाव तुम्ही पाहिलेलं नाही आणि पाहूही नका. एका बाजूला बाजरीची शेतं, दुसऱ्या बाजूला काचेची इमारत, मधे म्हशी. आणि दिवे जातात तेव्हा जनरेटर असा बोंबलतो की म्हशीसुद्धा कान पाडतात. याला म्हणे नवा भारत म्हणायचं. स्वरूपाचा फोन आला, एका दिवसाचं काम आहे, माणसं भरपूर हवीत, ‘बस बसायचंय अंकल, आंटींना पण आणा.’ गेलो दोघं. मोठा हॉल, रांगांनी टेबलं, प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर (निम्म्यांच्या वायरी कुठेच जोडलेल्या नव्हत्या, मी वाकून पाहिलं), आणि खुर्च्यांवर आम्ही भाडोत्री मंडळी. देवीच्या जागरणात रात्रभर भजनं म्हणणारा एक गायक होता, आणि कलेक्टर व्हायला आलेली आपली मराठवाड्याची चार पोरं होती. ती दिवसभर भूगोलाच्या नोट्स पाठ करत बसली. त्या हॉलमध्ये खरं काम केलं ते तेवढ्यांनीच. मॅनेजर सब्बरवाल म्हणून कुणी होता. त्याने सांगितलं, जर्मनीहून भागीदार येताहेत, कंपनी जोरात चालली आहे असं त्यांना दिसलं पाहिजे.

भाऊसाहेब, काम चाललंय असं दिसणं ही आयत्या वेळी जमणारी गोष्ट नाही, तिच्यासाठी उभी हयात घालवावी लागते. मी डाव्या हाताला कागदांची चळत रचली, चष्मा नाकाच्या टोकावर आणला, पेन्सिल कानावर ठेवली आणि कपाळाला आठ्या घातल्या. सब्बरवाल इतका खूश झाला की त्याने मला उचलून पहिल्या रांगेत बसवलं. ही त्याची चूक, माझी नव्हे. कारण जर्मन साहेब आले ते नेमके माझ्याच टेबलापाशी थांबले आणि इथे किती दिवस काम करता, असं त्यांनी विचारलं. आता तपासणी म्हणजे तपासणी. माझ्यासमोरून किती ऑडिटवाले आले आणि गेले, माझा नियम ठरलेला: विचारतील तेवढंच सांगायचं, पण सांगायचं ते खरं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, ‘सकाळी साडेनऊपासून, साहेब.’ आणि हे बाकीचे? ‘याच आदेशान्वये, साहेब.’

सब्बरवालचा चेहरा दुधीसारखा पांढरा पडला. तेवढ्यात शेजारून कुमुद उठली. (तिला कुणी विचारलं होतं?) आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती साहेबांना म्हणाली की आमच्या घरी पाहुणे येणार असले की आम्ही शेजाऱ्यांकडून खुर्च्या मागून आणतो, पाहुणे नीट बसले, घराला चांगले दिवस आले, की मग आपल्या खुर्च्या घेतो. जर्मन साहेब खो खो हसत सुटले. बसले, चहा घेतला, तुमच्या स्वतःच्या खुर्च्या कधी येणार ते सब्बरवालला विचारून घेतलं, आणि करारही केला म्हणतात. यात एवढं शहाणपणाचं काय होतं, ते मला आजतागायत समजलेलं नाही. खरं बोललो मी आणि कौतुक झालं हिचं!

दुसऱ्या दिवशी सब्बरवालने एजन्सीला दोन गोष्टी कळवल्या. या अंकलना पुन्हा आमच्या इमारतीच्या आसपास पाठवू नका, आणि या आंटींना चार दिवस रिसेप्शनवर पाठवा. ते चार दिवस अजून चालूच आहेत. सकाळी चार्टर्ड बस येते आणि कुमुद पर्स लटकवून, काळा चष्मा लावून जाते. घरात ‘चलो, बाय’ म्हणते. परवा मला ‘यार’ म्हणाली! पगारातला हिस्सा एजन्सी आधी कापून घेते, त्याचंही तिला काही वाटत नाही. मला संताप येतो, भाऊसाहेब. मी आपला दुपारी चहा टाकतो, पोळ्या लाटून बघतो, आणि बसची वाट बघत बसतो. असो. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की प्रकरण विचाराधीन आहे. सर्वांना यथायोग्य नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
मुरलीधर

ता.क. – एक विनंती. कुमुद माझं ऐकत नाही, पण तुमचा शब्द तिने आजवर खाली पडू दिलेला नाही. तुम्ही तिच्या नावाने कडक पत्र टाका की दोघांनी ताबडतोब फलटणला यावं. गुडघे फार दुखतात असं लिहिलंत तरी चालेल. दिवसभर या घरात बोलायला कुणी नसतं हो. ऑफिसात शिपाई निदान रजा मागायला तरी यायचा.

ता.क. २ – हे पत्र गोपनीय आहे. गुडगावच्या पेटीत टाकायला कुमुदकडे देतो आहे, पण आतल्या मजकुराची तिला कल्पना नाही.

ता.क. ३ – भाऊजी, सौ. कुमुदचा नमस्कार. पाकीट उघडंच होतं. चिकटवणं हे डिस्पॅचचं काम, ते यांनी जन्मात कधी केलं नाही. म्हणून बसमध्ये वाचलं. तुमचा शब्द मी मोडणार नाही, हे यांचं खरं आहे. म्हणून हात जोडून सांगते, तो शब्द टाकू नका. यांची बदली झाली तिथे मी आजवर बिनबोभाट बिऱ्हाड हलवलं. मला कुणी कामावर बोलावलं ते आयुष्यात पहिल्यांदाच. या महिन्यापासून कंपनीने मला कायम केलं आहे, एजन्सी मधे नाही. यांना अजून बोलले नाही. गुडगावात दोन खोल्यांचं घर पाहून ठेवलंय. तिथल्या सोसायटीला सेक्रेटरी हवा आहे, पगार नाही, भांडणं पुष्कळ आणि फाइली त्याहून पुष्कळ. मी यांचं नाव देऊन आले. बोलायला माणसं हवीत, हे मला कळत नाही का? दिवाळीला फलटणला येऊ, चार दिवस. पाहुणे म्हणून.