घरचं चिली चिकन

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. बाप होणाऱ्या माणसाने डोकं शांत ठेवावं आणि सगळं लिहून ठेवावं. पौर्णिमाला आठवा आठवडा लागला. मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात जे झालं, ते या वेळी होऊ द्यायचं नाही. संकल्प एकच: राग बंद. पंचशीलातही पहिलं शील अहिंसेचं, म्हणजे तेच. तसा मी मुळात शांतच. लोक चिडवतात.

त्याच दिवशी, संध्याकाळी
पौर्णिमाच्या पोटात आठ दिवसांपासून काही टिकत नाही. वरणाचा वास आला तरी मोरीकडे पळते. तशीच उपाशीपोटी सेवाग्रामला लॅबमध्ये ड्यूटी करते. आज स्वतःहून बोलली, "मले धीरजच्या गाडीवरचं चिली चिकन खावंसं वाटून राह्यलं." पण डॉक्टर मॅडमने बाहेरचं बंद केलंय. मी म्हटलं, घरी करतो, अगदी तस्संच. ती म्हणाली, "तुम्ही? तुम्हाले चहा तरी येते काय?"
हसलो. रागावलो नाही. नालवाडीत दहा वर्षं वर्कशॉप चालवतो. लोखंडाचे गेट वाकवणाऱ्याला कोंबडी काय जड आहे?

४ फेब्रुवारी, मंगळवार
धीरजच्या गाडीवर गेलो. रेसिपी विचारली, अगदी नम्रपणे. म्हणाला, "रेसिपी नाई भाऊ, हात लागते." आणि हसला. गिऱ्हाइकंही हसली. मी त्याची कॉलर धरली, पण प्रेमाने. त्याने झारा मारला. मी त्याला उकडलेल्या नूडल्सच्या टोपल्यावर आपटलं. मग त्याच्या बाजूने चार जण आले. एकूण सामना बरोबरीत सुटला.
डावा डोळा बंद आहे. पण जे पाहायचं ते उजव्याने पाहून घेतलं. त्याची आग. निळी, घोंघावणारी, कढईच्या वर येणारी. म्हणजे चव मसाल्यात नाही, आगीत आहे. आणि आगीचं मला कोणी शिकवू नये.
पौर्णिमाने डोळ्यावर बर्फ धरला. वर्कशॉपमध्ये पाइप लागला म्हणून सांगितलं. तिला टेन्शन नको.

६ फेब्रुवारी, गुरुवार
भट्टी तयार. जुना ब्लोअर, दीड इंची पाइप, वेल्डिंग माझं स्वतःचं. मागच्या अंगणात ट्रायल घेतली. जाळ माणसाच्या उंचीचा निघाला. अभिमान वाटला. शेजारच्या नत्थूजींची वाळत घातलेली लुंगी पेटली.
नत्थूजी धावत आले. "अबे रुपेश, मोहल्ला जाळतं काय?" मी समजावलं की लुंगी त्यांची, वारा निसर्गाचा, माझा फक्त जाळ. ऐकेनात. ब्लोअरला लाथ मारली. मी ढकललं नाही, फक्त हात पुढे केला. ते पाण्याच्या टाक्यावर पडले. उठून माझ्या मनगटाला चावले. रिटायर माणूस, पण दात पक्के.
पौर्णिमा खिडकीतून पाहत होती. मग तिने खिडकी लावून घेतली. मळमळत असेल.

८ फेब्रुवारी, शनिवार
पहिला प्रयोग. निष्कर्ष:
सुरी माझ्याच दुकानात धार लावलेली. चिकनआधी अंगठा कापला. तीन टाके.
लाल मिरच्या तापलेल्या तेलात टाकल्या. पूर्ण गल्ली खोकली. पौर्णिमा तोंडाला ओढणी लावून रस्त्यावर गेली, चार वेळा उलटी झाली.
चिकन वरून कोळसा, आतून कच्चं. कुत्र्याला टाकलं. त्याने वास घेतला आणि निघून गेला. चप्पल फेकून मारली. नत्थूजींच्या दाराला लागली. त्यांनी परत फेकली, ती मला लागली. विषय मिटला.
पौर्णिमा म्हणाली, "जाऊ द्या आता. इच्छाच मेली माही. दहीभात खातो." ओळखलं मी. माझा त्रास बघवत नाही म्हणून म्हणते. बायकांचं असंच असतं. आता तर करायचंच.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११
घाईत लिहितो, दवाखान्यातून.
अंगणात वाऱ्याने जाळ हलतो, म्हणून भट्टी स्वयंपाकघरात घेतली होती. सगळं जमून येत होतं. रंग तोच, वास तोच. इतक्यात साळा नागसेन आंजीहून, तिच्या माहेरून आला, आईने दिलेली बोरं घेऊन. आल्या आल्या म्हणाला, "भाऊजी, बंद करा हे. ताईले धूर लागून राह्यला." आणि सरळ गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. चिकन कढईत असताना!
चालू कर म्हटलं. नाही म्हणाला. कानाखाली एकच दिली. त्याने माझी मान धरली. मांडणी पडली, बरण्या फुटल्या, हळदीने दोघंही पिवळे. त्याचं डोकं मी फ्रिजवर किती वेळा आपटलं आठवत नाही. एकदाच असेल. मग कढई उचलली आणि भिंतीवर फेकली. कोणाच्या अंगावर नाही. भिंतीवर.
पौर्णिमा त्याच भिंतीपाशी उभी होती. तिच्यापासून दोन हातांवर लागली. तेल थोडं पायावर उडालं. ती खाली बसली.
मग मोरीत गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा. नागसेनलाच म्हणाली, "ऑटो आण. रक्त दिसून राह्यलं." मी तिथंच उभा होतो.

त्याच दिवशी, दुपारी ३
सोनोग्राफी झाली. ठोके चालू आहेत. मॅडमनी स्क्रीनवर दाखवले, लहानसं काहीतरी लुकलुकत होतं. मी स्टूल ओढून बसलो. सकाळी चहा नव्हता घेतला.
मॅडमनी विचारलं, घरी काही झालं काय? मी नाही म्हटलं. पौर्णिमा छताकडे पाहत होती. मॅडम म्हणाल्या, असं रक्ताचे डाग लागणं पुष्कळ जणींना होतं, नेमकं कारण सांगता येत नाही. म्हणजे माझा काही संबंध नाही. डॉक्टरांनीच सांगितलं. मग पायाच्या फोडांकडे बघून त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मला बाहेर बसायला सांगितलं. पंधरा मिनिटं बसलो.
पौर्णिमा दवाखान्यातूनच आंजीला गेली. आरामासाठी. माझंही मत तेच होतं, कोणी विचारलं नाही इतकंच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
घर शांत आहे. आज कोणावरही चिडलो नाही. बघा, संकल्प जमतोय.
फोन सात वेळा केला. आंजीत रेंज नसते.
भिंतीवरचा डाग घासला. जात नाही. कॅलेंडर लावलं. डाग कॅलेंडरपेक्षा मोठा आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६
आज पहाटे उठून साध्या शेगडीवर, मंद आचेवर केलं. जमलं. खरोखर जमलं. गाडीवरच्यापेक्षा कांकणभर चांगलं. स्टीलच्या डब्यात भरून मोटरसायकलने आंजी गाठली.
सासरे बाबाराव दारातच बसले होते. जय भीम घातला. त्यांनी घेतला, पण बस म्हणाले नाहीत. सासूबाई कमलाबाईंनी डबा आत नेला. थोड्या वेळाने पौर्णिमा उंबऱ्यापर्यंत आली. पायाला पट्टी होती. चेहऱ्यावर मात्र तेज आलेलं. म्हणाली, "दोन तुकडे खाल्ले. पोटात राह्यले." मी सुरुवात केली, की आच मंद ठेवली ना, तर मिरची...
तिने थांबवलं. "तुम्ही कढई फेकली तेव्हा मी तिथंच होती."
मी म्हटलं, तुझ्या अंगावर नव्हती फेकली.
"मी तिथंच होती," ती पुन्हा म्हणाली. आवाज चढवला नाही. "मले भेव वाटते तुमचं. चिकनचं नाई बोलत मी. नागसेनची माफी मागा. पहिले ते. मंग पुढचं पाहू."
नागसेन खाटेवर बसला होता. कपाळावर टेंगूळ, गाल अजून निळा. मांडीवर वाटी, तोही माझंच चिकन खात होता. बाबाराव पाहत होते. कमलाबाई पदराला हात पुसत थांबल्या. दोन शब्दांचं काम होतं. मी दोन पावलं पुढे गेलो. नागसेनने खाणं थांबवलं आणि वाटी बाजूला ठेवून हात चेहऱ्यासमोर धरले.
शब्द जिभेवर आलेला होता. खरंच आला होता.
मी विचारलं, "मीठ बरोबर आहे काय?"
तो म्हणाला, "बरोबर आहे, भाऊजी."
पौर्णिमा आत गेली. कमलाबाईंनी डबा घासून आणून दिला.